लिनक्सवर नीट चालणारा सी प्रोग्राम विंडोजवर फाइल अर्धीच वाचतोय

नवा_भिडू:
सेन्सरची रीडिंग्ज लिनक्सवर बायनरी फाइलमध्ये लिहितोय, स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली व्हेरिएबल्स) मेमरीतून जसाच्या तसा एफराइट करून. आत फक्त एक लाँग (पूर्णांक, १९७० पासूनचे मिलिसेकंद) आणि एक डबल (दशांश संख्या). तोच कोड ६४ बिट विंडोजवर मिनजीडब्ल्यू या कंपायलरने कंपाइल केला, एकही वॉर्निंग नाही, पण फाइल मध्येच संपते आणि वेळ कधी उणे कधी भलतीच, डबल मात्र बरोबर येतोय. साइझऑफ (स्ट्रक्टचे एकूण बाइट) दोन्हीकडे १६ च आहे मग गडबड कुठेय?

काठावरचा_बाइट:
फाइल उघडताना एफओपनला नुसतं "आर" (टेक्स्ट मोड) दिलंयस ना? "आरबी" (बायनरी मोड) कर. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये २६ नंबरचा बाइट म्हणजे कंट्रोल-झेड दिसला की फाइल संपली असं धरतात, डॉसच्या काळापासूनचं लफडं. शिवाय १३ आणि १० लागोपाठ आले की त्यांचा एकच १० होतो आणि पुढची सगळी रेकॉर्ड्स सरकतात. लिनक्सला त्या "बी"ने काही फरक पडत नाही, त्यामुळे बिनधास्त दोन्हीकडे ठेव.

नवा_भिडू:
दादा फाइल पूर्ण वाचली! वेळ अजून चुकीचीच.

पॉइंटर_पाटील:
कारण ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा आणि ६४ बिट विंडोजवर ४ चाच. डबलला ८ च्या हद्दीवर बसवायला कंपायलर मध्ये ४ बाइट रिकामे सोडतो म्हणून बेरीज १६ च भरते आणि तू फसतोस. आकडा छोटा असता तर बरोबरही दिसला असता, पण मिलिसेकंद ३२ बिटांत मावत नाहीत. इंट६४_टी (दोन्हीकडे ८ बाइटचाच पूर्णांक) वापर, एसटीडीइंट.एच मध्ये आहे. जुन्या फाइली तशाच वाचता येतील. प्रिंटएफने छापताना त्याचा फॉरमॅट पीआरआयडी६४, ते इंटटाइप्स.एच मधून घे. (कॉलेजात टर्बो सी या जुन्या कंपायलरवर इंट २ बाइटचा पाठ केलेली मंडळी अजून भेटतात, असो.)

सेमीकोलन_सुटला:
स्टॅटिक असर्ट (अट तपासणारी ओळ) टाक ना साइझऑफ १६ चा, कंपाइल होतानाच पकडेल.

पॉइंटर_पाटील:
वर वाच की, १६ दोन्हीकडे आहे, तुझा असर्ट मस्त पास होईल. लावायचाच तर त्या वेळेच्या मेंबरवर लाव, ८ हवा म्हणून.

काठावरचा_बाइट:
मी तर स्ट्रक्ट फाइलमध्ये थेट लिहूच नये या मताचा. बिट शिफ्ट करून एकेक बाइट वेगळा काढून लिहायचा, दहा ओळी जास्त होतात, होऊ देत. आणि फाइल २ जीबीच्या पुढे जाणार असेल तर एफटेलपण (फाइलमधली जागा सांगणारं फंक्शन) बघून घे, तो लाँगच परत करतो, विंडोजवर ४ बाइटचा.