जुन्या एचएमटी घड्याळाचं मागचं झाकण बसत नाही, एका बाजूनं उचकतंय

रंकाळा पश्चिम:
चावीची एचएमटी आहे. केस, म्हणजे बाहेरची डबी, क्रोमची; बॅक, म्हणजे मागचं झाकण, स्टीलचं, दाबून बसणारं. साफसफाईसाठी उघडली आणि बंद करताना नवी रबरी रिंग घातली, गोल दोऱ्यासारखी, ०.८ मिमी जाडीची. आता बॅक नऊच्या बाजूला टक् करून बसतं, पण चावीच्या बाजूला, चारच्या आकड्याजवळ, जाड कागद जाईल एवढी फट राहते. तिथं दाबलं की समोरची कड वर येते. अंगठ्यांनी दाबून झालं, नायलॉनच्या डाय (दाब देणारे गोल ठोकळे) असलेल्या हातप्रेसवर दोनदा झालं. काच अ‍ॅक्रिलिकची आहे म्हणून आणखी जोर द्यायला हात धजत नाही. बॅकची कड पॉलिश पेपरनं थोडी घासू का? बॅक फ्रीजरमध्ये ठेवून बसवायचा सल्लाही मिळालाय.

आयग्लास:
आधी दाबणं थांबवा आणि पेपर बाजूला ठेवा. कड एकदा घासली की बॅक कायमचं सैल होतं. मग ते बसेल खरं, पण मनगटावरून पडेलही.

फट चावीच्या बाजूला आहे, म्हणजे पहिला संशय खाचेवर. दाबून बसणाऱ्या बऱ्याच बॅकच्या आतल्या कडेला एक छोटी अर्धगोल खाच असते. चावीची दांडी, म्हणजे स्टेम, तिथून जावी म्हणून. खाच दांडीच्या पाच-सात अंश जरी पुढेमागे गेली तरी कड दांडीवर टेकते आणि नेमकी तुमच्यासारखी फट पडते. त्यातच दाबत राहिलात तर दांडी वाकते किंवा तिची नळी चेपते. बरेच जण फसतात ते इथं: बॅक उघडताना चाकू घालायची बाहेरची जीभ बघून बॅक लावतात. ती जीभ खाचेच्या समोरच असेल असं नाही. बॅक उलटं करून खाच शोधा, तिच्या बरोबर मागे बाहेरून पेन्सिलची रेघ मारा आणि ती रेघ चावीच्या मध्यावर आणा. घड्याळ पालथं घातलं की चावी डावीकडे येते, हेही लक्षात असू द्या.

दुसरं, ती रिंग काढा आणि नुसतं बॅक लावून बघा. केसमध्ये किंवा बॅकमध्ये रिंगसाठी चर आहे का? नसेल तर त्या घड्याळाला रिंग कधी नव्हतीच. जुन्या दाबाच्या बॅकमध्ये धातूवर धातू बसतो, धूळ अडते, बस्स. अशा ठिकाणी ०.८ मिमीचं रबर म्हणजे दारात ठेवलेली वीट.

रंकाळा पश्चिम:
रेघ मारून लावलं. खाच खरंच दांडीच्या थोडी खाली होती. चरही आहे, पण उथळ आणि सपाट तळाचा. रिंग काढल्यावर फट निम्म्याहून कमी झाली, तरी चार ते पाचच्या मधे अजून उंचवटा आहे.

आयग्लास:
सपाट तळाच्या चरात सपाट रिंग लागते, गोल नव्हे. चराची खोली व्हर्नियर कॅलिपरच्या मागून निघणाऱ्या बारीक पट्टीनं मोजा. रिंग त्याहून ०.१ मिमीच्या आसपास जाड पुरे, तेवढीच दबून सील होते. खोली ०.३ आली तर ०.४ ची सपाट रिंग. आतला व्यास ती ज्या खांद्यावर चढते त्याहून जरा कमी घ्या, म्हणजे बॅक उलटं केलं तरी पडत नाही. सिलिकॉन ग्रीस बोटानं पुसल्यासारखं, चमक येईल इतकंच. थेंब राहिला की रिंग घसरून कडेखाली येते आणि चिमटली जाते.

शुक्रवार पेठ:
उरलेला उंचवटा आतल्या मशीनमुळे असू शकतो. साफ करून मशीन परत केसमध्ये टाकताना केस स्क्रू बघितले का? ज्यांचं डोकं एका बाजूनं कापलेलं असतं ते. कापलेली बाजू बाहेर असताना मशीन आत उतरतं, मग स्क्रू फिरवून गोल बाजू केसच्या कडेखाली अडकवायची. एखादा अर्धवट राहिला तर मशीन त्या बाजूला तिरकं उभं राहतं. मशीनभोवती धातूची रिंग असेल तर तिलाही दांडीसाठी जागा सोडलेली असते. ती फिरलेली असली तरी हेच होतं.

कुठं अडतंय ते डोळ्यानं दिसत नाही, म्हणून शाईची खूण घ्या. बॅकची आतली कड काळ्या मार्करनं रंगवा, वाळायच्या आत हलकं टेकवा, न फिरवता सरळ उचला. जिथं केसला शाई लागली आणि बाकी कोरी राहिली, तिथंच अडतंय. आयग्लासखाली, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाखाली, त्या जागी बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट सापडते: जुन्या रबराची कडक झालेली काळी पापडी, मळ आणि घामाचं हिरवं कीट, किंवा चाकूनं उचकटून वर आलेली धातूची चिवट धार. पापडी आणि कीट लाकडी काडीला टोक काढून खरवडा, स्टीलचं टोक क्रोम उचलतं. शाई स्पिरिटनं पुसा, पण मशीनवर ओघळ जाऊ देऊ नका. धार असेल तर फक्त तेवढ्याच बिंदूवर १२०० चा पेपर काडीला गुंडाळून दोन-तीन हात फिरवा. पूर्ण कड घासणं आणि एक धार मोडणं यात फार फरक आहे. हे करताना मशीन झाकून ठेवा, धातूची पूड बॅलन्समध्ये, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकात, गेली तर घड्याळ बंद पडेल.

फ्रीजरचं म्हणाल तर करू नका. स्टीलचा ३२ मिमीचा तुकडा ४० अंशांनी गार केला तर व्यास जेमतेम ०.०२ मिमी कमी होतो. इथं अडथळा त्याहून दहापट मोठा आहे. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी हवेत गार बॅकवर लगेच दव धरतं आणि तेच पाणी आपण आत बंद करून टाकतो. महिनाभरात दांडीवर गंज.

उद्यमनगर लेथ:
प्रेसबद्दल कुणी बोललं नाही. सोबत मिळणाऱ्या सपाट डाय फुगीर बॅकवर मध्यभागी टेकतात. दाब दिला की मध्य आत जातो, कड बाहेर पसरते, आणि सोडलं की बॅक उसळून वर येतं. वरची डाय पोकळ हवी, दाब फक्त कडेवर पडला पाहिजे. खालची डाय केसच्या बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, टेकली पाहिजे, काचेवर अजिबात नाही. आतला व्यास काचेपेक्षा अर्धा ते एक मिमी मोठा, खोली काचेच्या फुगीपेक्षा किमान १ मिमी जास्त. नाहीतर काच चिरते किंवा बाहेर उडते.

संचात मापाची डाय नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही छोट्या लेथवर ४० मिमीच्या नायलॉन रॉडमधून दोन्ही काढून मिळतात. केस आणि बॅक सोबत नेऊन तिथंच माप द्या, आणि कडेला बारीक गोलाई मारायला सांगा, नाहीतर पॉलिशवर वळ उठतो.

दाबण्याआधी टिश्यू पेपरच्या चार पट्ट्या बॅक आणि वरच्या डायमध्ये चार बाजूंना ठेवा, प्रेस नुसती टेकवा आणि एकेक ओढा. चारही सारख्याच अडल्या पाहिजेत. एक सहज निघाली तर केस तिरकी बसली आहे. दाब हळूहळू वाढवा, झटका नको. एकदाच टक् आवाज येतो. दोनदा आला तर एक बाजू आधी बसली असं समजा.

रंकाळा पश्चिम:
शाई पाचच्या आकड्याजवळ लागली. तिथं चाकूची उठलेली धार होती, आणि केस स्क्रूंपैकी एक अर्धा फिरलेला. धार मोडली, स्क्रू पूर्ण फिरवला. नवी रिंग न घालता पोकळ डायवर बॅक एका आवाजात बसलं, फट नाही. चराची खोली ०.३५ आली, ०.४५ ची सपाट रिंग शोधतोय.

शुक्रवार पेठ:
छान. आता दहा मिनिटं कानाशी धरून टिकटिक ऐका, मग बॅकच्या मध्यावर अंगठ्यानं हलकं दाबा. दाबल्यावर थांबलं आणि सोडल्यावर चालू झालं तर सपाट डायनं बॅकचा मध्य आत गेला आहे आणि तो बॅलन्सच्या पुलाला, म्हणजे ते चाक धरणाऱ्या पट्टीला, लागतोय. तसं असेल तर बॅक काढून आतून लाकडी मुठीनं मध्य उठवावा लागेल, केसमध्ये असताना काही करता येणार नाही.

आयग्लास:
मापाची रिंग नाही मिळाली तर ०.४ ची घ्या, ०.५ ची नको. आणि मिळाली तरी हे घड्याळ पावसात घालू नका. चावीच्या नळीतून पाणी जातंच, बॅक कितीही चांगलं बसलं तरी.