'सेंड टू कॉव्हेंट्री': वाळीत, अबोला की कट्टी?

सोनटक्का: एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. इंग्लंडमधला कारखाना, संप चालू असताना कामावर गेलेला एक फिटर. बाकीचे त्याला 'सेंड टू कॉव्हेंट्री' करतात, म्हणजे सगळे मिळून त्याच्याशी बोलणं बंद करतात. पहिल्या खर्ड्यात मी चक्क त्याची बदली करून टाकली! दोन पानांनी बघते तर गडी त्याच कँटीनमध्ये एकटा डबा उघडून बसलाय. मग 'वाळीत टाकलं' लिहिलं, तर मुद्रितशोधकांनी लाल रेघ मारली. काय लिहू?

जुनापुराणा: रेघ कशाला? सोन्यासारखा शब्द आहे. पाणी तोडलं की झाड वाळतं, तसाच माणूस.

खारीबिस्कीट: काका, ही व्युत्पत्ती कोशातली की घरची?

जुनापुराणा: घरची. पटते ना?

तांब्याभांडं: रेघ बरोबर आहे. वाळीत टाकलं की पाणवठा, न्हावी, भटजी, सोयरीक सगळं तुटतं. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, पण त्यांच्याशी बोलणं काही कोणी सोडलं नाही. उलट जरा जास्तच बोलले लोक! कॉव्हेंट्रीत सगळं चालू, फक्त तोंड बंद. आणि २०१६ च्या कायद्यानं आपल्याकडे वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. त्या फिटरवर एवढं ओझं नको.

लेस्टरकर: मी कॉव्हेंट्रीपासून पाऊण तासावर राहतो. १६४० च्या दशकातल्या यादवीत हे शहर पार्लमेंटच्या बाजूचं. राजाकडचे कैदी इथे पाठवत आणि गावकरी त्यांच्याशी बोलत नसत, अशी गोष्ट सांगतात. गोष्टच म्हणायची, ठोस पुरावा नाही. ऑफिसातली पोरं हा वाक्प्रचार वापरत नाहीत, त्यांचे आजोबा वापरत.

जुनापुराणा: मग शुद्ध 'बहिष्कार' लिहा.

खारीबिस्कीट: तो तर बॉयकॉट झाला. १८८० मध्ये आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉटला कुळांनी एकटं पाडलं. इंग्रजीनं अबोल्यासाठी गाव बदनाम केलं आणि बहिष्कारासाठी माणूस.

सोनटक्का: 'त्याच्याशी अबोला धरला' कसं वाटतं?

तांब्याभांडं: अबोला दोघांतला. त्यात रुसवा असतो, कोणीतरी समजूत काढेल ही आशा असते. चाळीस जण मिळून धरतात तो अबोला नव्हे. कट्टी जवळची. आमच्या वर्गानं सहावीत एकीशी कट्टी घेतली होती, चुगली केली म्हणून. डबा खायला ती आमच्यातच बसायची. एकदा तिनं लोणचं पुढे केलं, कोणी हात लावला नाही. बरणीचं झाकण लावताना झाकणाचा आवाज तेवढा झाला.

जुनापुराणा: ताई, फिटर कट्टी घेतात होय?

लेस्टरकर: कट्टीला करंगळी ना? बायको म्हणते अंगठा.

खारीबिस्कीट: करंगळीच! अंगठा दाखवला तर ते 'जा, देत नाही' होतं.

जुनापुराणा: आमच्याकडे हनुवटीला अंगठा लावून घ्यायचे.

सोनटक्का: मंडळी, माझा फिटर अजून कँटीनमध्येच बसलाय.

खारीबिस्कीट: बसू दे. काका, हनुवटीला अंगठा कुठल्या गावी?