मदत हवी आहे: विडी कामगाराच्या मुलीच्या दाढेवरील उपचारासाठी

सोलापुरातील विडी घरकुल परिसरात मी संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवते. तेथील सात वर्षांच्या एका मुलीची खालची दुधाची दाढ इतकी किडली आहे की ती भाकरी दुधात कुस्करून एकाच बाजूने खाते आणि रात्री ठणक्याने जागी होते. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत कीड आढळून संदर्भ चिठ्ठी मिळाली. मात्र सरकारी दवाखान्यात दोनदा नेऊनही दाढ काढण्याचाच सल्ला मिळाला, तर खासगीत रूट कॅनॉल आणि कॅपचा खर्च साडेपाच हजार सांगितला. दुधाची दाढ पडणारच, असे घरचे म्हणतात. परंतु ही दाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत लागते आणि आधीच काढल्यास मागची कायमची दाढ पुढे सरकून नव्या दाताची जागा अडते, म्हणून ती वाचावी अशी माझी तळमळ आहे. आईला मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि सकाळी कारखान्यात माल द्यावा लागतो, त्यामुळे दवाखान्याची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला रोज. पिवळी शिधापत्रिका, आधार कार्ड आणि आईचे विडी कामगार ओळखपत्र तयार आहे. सोलापुरात लहान मुलांचे रूट कॅनॉल मोफत किंवा हप्त्याने, शक्यतो दुपारनंतर अथवा रविवारी, कोठे होते, आणि तेथे हीच संदर्भ चिठ्ठी चालेल का?