सारखा कोटा, पण बस कुठंय?

काहीजण म्हणतात की प्रत्येकाला सारखा कार्बन कोटा (इंधन-वीज वापरून किती कार्बन हवेत सोडायचा याचा ठरलेला वाटा) दिला की गरिबाचा फायदाच, उरलेला विकून चार पैसे सुटतील. सरासरीत हे पटतं. ब्रिटनच्या सरकारने 2008 मध्ये या कल्पनेचा अभ्यास केला, तेव्हाही कमी उत्पन्नाची बहुतेक घरं फायद्यात दिसली. पण काही गरीब घरं तोट्यात जात होती, आणि मला काळजी आहे ती त्यांचीच. तशी घरं इथे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात रोज बघते.

आमच्या शेजारची वहिनी वाळपईहून पणजीला कामाला जाते. संध्याकाळची बस चुकली की परतीचे वांदे, म्हणून जुनी स्कूटर. पावसात रेनकोट घालून, डबा पायाशी ठेवून निघते. जाऊन-येऊन दोनेक लिटर पेट्रोल, म्हणजे दिवसाला साडेचार किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. पणजीतच फ्लॅट असलेला माणूस ऑफिसला चालत जातो. त्याचा कोटा उरणार आणि तो विकत घ्यायची वेळ हिच्यावर येणार. हा कसला न्याय?

कोट्याला माझा विरोध नाही. पण आधी रात्री नऊपर्यंत बस द्या, आणि ती येईपर्यंत अशा गावांना जादा कोटा.