पुढच्या चाकाचा एबीएस सेन्सर नकलमध्ये गंजून बसलाय, काढायचा कसा?

जुळेसोलापूरवाला

नमस्कार मंडळी. 2009 ची डिझेल हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा गाडीवरच्या भांडणात जाईल. गाडी सेकंडहँड घेतलेली, एमएच 08 पासिंग, म्हणजे आधीचं सगळं आयुष्य रत्नागिरीत गेलेलं.

पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग घोंघावायलंय. साठच्या पुढं गेलं की मागं बसलेल्यांचं बोलणं ऐकू येत नाही. जोडीला दुसरं दुखणं: सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी अगदी थांबता थांबता ब्रेकचं पॅडल पायाखाली खरखरतं. रस्ता कोरडा, ब्रेक हलका, तरीही. एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा कधी लागतो, कधी आपोआप जातो.

गॅरेजवाल्यानं काम सुरू केलं. चाकाचा वेग मोजणाऱ्या एबीएस सेन्सरचा 10 चा बोल्ट निघाला, सेन्सर मात्र जागचा हलेना. पोरानं पकडीनं ओढला तर बोल्टचा कानच तुटून हातात आला. आता म्हणतात अख्खा नकल, म्हणजे चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग, बदला. तसाच निघेल का? आणि तोवर गाडी चालवू का? गुरुवारी आईला अक्कलकोटला न्यायचंय.

डिझेल_बे

काय बे, एवढ्यासाठी नकल बदलतात होय! गॅसवाल्याकडं न्या, नकल लाल करा, सेन्सर आपोआप गळून पडतो.

पान्हा_अण्णा

लाल बिल करू नका ओ. सेन्सरचं प्लास्टिक वितळून भोकात चिकटलं की काम दुप्पट. वर ब्रेकचा होज, बॉल जॉइंटचं रबर आणि एक्सलचा बूट शेजारीच असतात.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माझं काम चालतं, निम्मी गिऱ्हाइकं कोकणातून आणलेल्या गाड्यांची. आपल्याकडं पाऊस कमी, हवा कोरडी, त्यामुळं इथंच वाढलेल्या गाडीचा सेन्सर बहुतेक वेळा हातानं फिरतो. खाऱ्या हवेतल्या गाडीचं तसं नाही. नकल ओतीव लोखंडाचा. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून भोक आतून आवळत जातं आणि सेन्सर कचकून धरला जातो.

तुमचं पॅडल खरखरतं त्याचं कारणही बहुधा हेच. सेन्सर ज्या सपाट जागेवर टेकतो तिथं गंजाचा थर फुगला की सेन्सर वर उचलला जातो. टोक आणि चाकाबरोबर फिरणारी दात्यांची रिंग यांच्यात फट वाढते. वेगात सिग्नल पुरतो, पण गाडी हळू झाली की सिग्नल मेला. कॉम्प्युटरला वाटतं चाक लॉक झालं, तो ब्रेक सोडायला लागतो. ढिलं बेअरिंगही ही फट हलवतं, त्यामुळं दोन्ही दुखणी एकाच घरातली असू शकतात.

आता काढायचं कसं ते. पहिला प्रश्न मी गिऱ्हाइकाला विचारतो: सेन्सर जिवंत आहे का? जिवंत असता तर मी त्याला हातच लावला नसता. वायर मागं आत जाते तिथला सॉकेट सोडायचा, क्लिपा काढायच्या आणि सेन्सरसकट नकल बाहेर घ्यायचा. तुमचा कान तुटलाय म्हणजे तो तसाही गेला. मग त्याचे लाड कशाला? जपायचं ते भोक.

सॉकेट सोडा, एक्सल आणि बॉल जॉइंट मोकळा करून नकल टेबलावर आणा. सेन्सरचं टोक बेअरिंगच्या वाटेत येत नाही ना ते बघून बेअरिंग प्रेसवर काढा. आता आतून बघितलं की सेन्सरचं काळं टोक दिसतं. वरून कडेनं रस्टोलीन (गंज सोडवायचं तेल) मारा आणि रात्रभर ठेवा. घाईनं मारून लगेच ठोकलं तर ते पैसे पाण्यात. सकाळी हीट गननं भोकाच्या भोवतीचं लोखंड गरम करा, हात टेकवणार नाही एवढंच. आतून टोकावर भोकापेक्षा थोडा बारीक पंच ठेवून हलक्या हातानं ठोका. वरून ओढताना जे प्लास्टिक तुटतं, तेच आतून ढकलताना दबून बाहेर येतं.

नाहीच आला तर ड्रिल. 3 चा बिट मधोमध, मग 6, मग 8. भोकाच्या भिंतीला बिट लागता कामा नये. मधला गर गेला की उरलेलं कवच बारीक छिन्नीनं आत दुमडून काढा. जुन्या प्रकारच्या सेन्सरात चुंबक असतो, किस त्याला चिकटतो, म्हणून शेवटी हवा मारा.

सर्वात कंटाळवाणं काम पुढं आहे आणि तेच पोरं टाळतात. लाकडी काडीला पॉलिश पेपर गुंडाळून भोक आतून चकचकीत करा, आणि टेकायची सपाट जागाही. नवा सेन्सर बोटानं दाबून बसला पाहिजे, हातोडी लागायला लागली तर पुन्हा घासा. ही जागा सोडली तर नवा सेन्सर घालूनही पॅडल खरखरणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार पार्ट डुप्लिकेट दिला.

गाडीचं म्हणाल तर दिवा लागला तरी साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. पण पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी जागेवर उभी करा. ऑइल तरी कमी असेल, नाहीतर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) बंद, मग मागची चाकं आधी लॉक होतात. आणि असं घोंघावणारं बेअरिंग घेऊन आईंना अक्कलकोटला नेऊ नका, एसटी आहे.

कोकणचा_गंज

रत्नागिरीतून जोड. नवं बेअरिंग घेताना दोन्ही सीलं बघा. काही गाड्यांत दात्यांची रिंग नसते, बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकाच्या पट्ट्या असतात. ती बाजू सेन्सरकडे हवी. उलटं प्रेस झालं की सगळं नवं असूनही दिवा जात नाही, आणि ते बेअरिंग पुन्हा काढलं की बहुतेक वेळा वाया. असं बेअरिंग स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवू नका.

जुळेसोलापूरवाला

अण्णा, आभारी आहे. दोन शंका. परत बसवताना कॉपर ग्रीस लावू का? आणि उजव्या बाजूचा सेन्सर ठीक आहे का, ते मल्टिमीटरनं कळेल?

पान्हा_अण्णा

कॉपर नको, त्यात धातूची पूड असते. सिलिकॉनचं किंवा सिरॅमिकचं ग्रीस, तेही अंगाला पुसल्यासारखं. टोकाला अजिबात नाही.

मल्टिमीटरचं सेन्सरच्या जातीवर आहे. जुना कॉइलवाला असेल तर ओहम दाखवतो, साधारण एक-दोन हजारांच्या आसपास, आणि चाक हातानं फिरवलं की एसी मिलीव्होल्ट हलतात. नवा हॉलवाला (आत चुंबकक्षेत्र ओळखणारी चिप असलेला) असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, त्याला आधी करंट लागतो. दोघांनाही दोनच वायरी असू शकतात, वायरी मोजून ठरवू नका. त्याला स्कॅनर लावा, चारही चाकांचे वेग एकदम बघा. पाचशे-हजारवाला ब्लूटूथ स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो, एबीएसचे नाही.

जुळेसोलापूरवाला

निघाला! ड्रिल लागलंच नाही. बेअरिंग काढल्यावर आतून पंच ठेवला, आधी नुसता टक टक आवाज, मग एकदम आवाज बदलला आणि सेन्सर वर सरकला. भोकातून चमचाभर लाल भुकटी निघाली. घासायला मात्र बेअरिंगपेक्षा जास्त वेळ गेला, पोरगं वैतागलं होतं. दिवा गेला, सात रस्त्याला पॅडलही गप्प. उजवा सेन्सर स्कॅनरवर बरोबर दाखवतोय, त्याला हात लावला नाही.

पान्हा_अण्णा

बरं केलंत. वायरच्या क्लिपा जुन्या जागी लावल्यात का? स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा, वायर ताणली जाता कामा नये.