वडील ७१, आई ६६: जुनी मेडिक्लेम बंद करून नुसत्या वय वंदना कार्डावर भागेल का?

प्रश्न (सांगलीकर)
५ लाखांची फ्लोटर पॉलिसी (दोघांत मिळून एकच विमा रक्कम) सलग १२ वर्षं चालू आहे. खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या १% म्हणजे ५,००० पर्यंत, को-पे (क्लेममधला आपण भरायचा वाटा) २०%. वडिलांना शुगर, आईचे गुडघे गेलेत. रिन्यूअलला ५० दिवस आहेत. वडिलांचं वय वंदना, म्हणजे ७० वरच्यांचं सरकारी आयुष्मान कार्ड, निघत असेल तर प्रीमियम कशाला भरायचा? आणि ज्येष्ठांचा प्रीमियम १०% च्या वर वाढत नाही, हे खरं का?

कागद_आधी
बंद अजिबात करू नका. कार्ड वडिलांना मिळेल, आईचं काय? तिला ७० व्हायला अजून ४ वर्षं आहेत.

१२ वर्षं सलग भरल्याची किंमत प्रीमियमपेक्षा मोठी आहे. २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने झाले की लबाडी सिद्ध झाल्याशिवाय ‘आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. नवी पॉलिसी घेतलीत तर जुन्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागेल, गुडघेही त्यातच अडकतील. नवी पॉलिसी घ्यायची ६५ ची वयोमर्यादा निघाली, पण शुगर बघून प्रीमियम चढवायची किंवा नाही म्हणायची मुभा कंपनीला आहेच.

१०% बद्दल: जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे ६० वरच्यांचा प्रीमियम वर्षाला १०% पेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी विमा नियामक आयआरडीएआयशी सल्लामसलत करायची. सरसकट बंदी नाही. तुलना मात्र जीएसटी वगळून करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवरचा १८% कर गेला. आधी ४०,००० + ७,२०० = ४७,२०० भरत असाल आणि आता ४५,००० आले, तर ते स्वस्त झालेलं नाही, मूळ प्रीमियम साडेबारा टक्के वाढलाय.

आरोग्यमित्र२
कार्डाचं. उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी चालतं, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर मात्र दोन्हींतून एकच निवडावं लागतं. ५ लाख कुटुंबाला वर्षाला, म्हणजे पुढे आई ७० ची झाली की दोघांत मिळून. ओपीडी नाही, आणि योजनेतल्या रुग्णालयातच चालतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं रुग्णालय यादीत आहे का, ते आजच बघा.

अडतं कुठे? वय आधारवरून धरतात, त्यामुळे आधारवर जन्मतारीख चुकलेली असेल तर आधी ती दुरुस्त करा. बोटांचे ठसे या वयात बरेचदा नीट उमटत नाहीत, म्हणून आधारला मोबाइल जोडून ओटीपीने केवायसी (ओळख पडताळणी) करा, नाहीतर चेहरा स्कॅन करून. चौकशीला १४५५५.

सांगलीकर
मग पोर्ट करून, म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेऊन, १० लाखांची घेऊ का? ५० दिवस आहेत म्हणून विचारतो.

कागद_आधी
अर्ज रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा, म्हणजे हातात ५ दिवस. नवी कंपनी नाकारू शकते, तेव्हा होकार लेखी येईपर्यंत जुनी सोडायची नाही. जुन्या आजारांसाठी थांबून झालेली वर्षं जुन्या ५ लाखांपुरतीच मोजली जातात, वरच्या ५ लाखांना थांबणं पुन्हा शून्यापासून.

मी असतो तर रिन्यूअललाच फ्लोटर फोडून दोघांच्या वेगळ्या पॉलिसी मागितल्या असत्या, ‘सलगता कायम’ असं लेखी घेऊन. फ्लोटरचा प्रीमियम बहुतेक ठिकाणी मोठ्याच्या वयावर लागतो, आई उगाच ७१ च्या दराने भरतेय. वर ५ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षभराची बिलं मिळून ५ लाखांच्या वर गेली की पुढचं देणारी पॉलिसी. साधा टॉप-अप नको, त्यात डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला नव्याने मोजतात. प्रपोजल फॉर्मवर शुगर, बीपी, औषधांची नावं, सगळं लिहा. एजंट ‘राहू द्या’ म्हणाला तरी.

बिलतपासणी
खरा खड्डा खोलीभाड्याचा आहे, त्याकडे कुणी बघितलंच नाही. ८,००० ची खोली घेतलीत तर कपात नुसती रोजच्या ३,००० ची नाही. सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंगचा खर्चही ५/८ च धरतात. तो १,६०,००० असेल तर १,००,०००, त्यातून २०% को-पे गेला की ८०,०००. निम्मे तुमच्या खिशातून.

औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कपात लावता येत नाही, तरीही लावलेली सापडते. तसं दिसलं तर कपातीचा तपशील लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की ॲडमिट होण्याआधीच ५,००० च्या आतली खोली मागून ठेवा.