आईबाबांना घेऊन विल्टशर: स्टोनहेंज सोडून अजून काय बघण्यासारखं आहे?

सातारा_ते_रेडिंग

नमस्कार मंडळी, जूनच्या पहिल्या आठवड्यात आईबाबा येताहेत, सहा आठवडे राहतील, आम्ही रेडिंगला असतो. मागच्या खेपेला लंडन, विंडसर, बाथ सगळं झालं आणि विमानतळावर निघताना बाबा म्हणाले, "शहरं बघितली रे, मुलूख नाही बघितला." ते माझ्या मनात राहिलंय, म्हणून यावेळी मुलूखच दाखवायचा असं ठरवलंय.

बाबा ६९ वर्षांचे आहेत, सज्जनगड अजून पायी चढतात, आणि दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालतात. यावर्षी ते नेमके इथे असतील म्हणून वारी चुकणार, बोलून दाखवत नाहीत पण आई म्हणते वाईट वाटतंय त्यांना. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालते पण चढउतार नको, तिला एका जागी बसून बघायला आवडतं.

स्टोनहेंज मी एकदा ऑफिसच्या लोकांबरोबर केलंय, दोरीच्या बाहेरून गोल फिरलो, फोटो काढले, परत. एवढ्या जुन्या जागेसमोर उभं राहून मला काहीच वाटलं नाही याचं तेव्हाही वाईट वाटलं होतं. गाडीने दीडेक तासाच्या आत, जुनं काहीतरी, उघड्यावरचं, गर्दी कमी असं काय आहे? आणि एक भीती, इथे शेतांमधून वाटा असतात म्हणे, कोणाच्या रानात शिरल्यासारखं होतं, कोणी हटकत नाही का?

चुनखडी

मी स्विंडनला ११ वर्षं आहे आणि या भागावर माझा फार जीव आहे, त्यामुळे लांबण लागणार, सांभाळून घ्या.

पहिल्यांदा एव्हबरी. स्टोनहेंजच्या उत्तरेला सरळ रेषेत साधारण २८ किलोमीटर. जगातलं सगळ्यात मोठं दगडांचं रिंगण, आणि ते इतकं मोठं आहे की त्याच्या पोटात अर्धं गाव वसलंय, घरं, रस्ता, पब, सगळं. तिकीट नाही, दोरी नाही, दगडाला हात लावा, टेकून बसा, आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. भोवतीचा खंदक इ.स.पू. २५०० च्या आसपासचा आहे, मुळात ९ मीटरच्या आसपास खोल होता, आणि तो हरणाच्या शिंगांची टिकावं करून चुनखडीत खोदलाय. तुमच्या बाबांनी आयुष्यभर गडांचे खंदक, तासलेले कडे बघितलेत, ते त्या कडेला उभे राहिले की त्यांना लगेच कळेल यात किती माणसांचा घाम आहे.

जॉन ऑब्री नावाचा जुन्या अवशेषांचा एक अभ्यासक १६४९ साली शिकारीला आला आणि अचानक हे त्याच्यासमोर आलं. त्याने लिहून ठेवलंय की गावच्या चर्चपुढे कॅथेड्रल जेवढं मोठं तेवढं स्टोनहेंजपुढे हे मोठं. तरीही नंतर अठराव्या शतकात लोकांनी दगडाखाली जाळ करून, वर गार पाणी ओतून दगड फोडले, घरं बांधायला, शेत मोकळं करायला. गावातल्या जुन्या भिंतींमध्ये ते तुकडे आजही दिसतात. मग १९३० च्या दशकात अलेक्झांडर केलर नावाच्या माणसाने, घरचा मार्मलेडचा धंदा होता त्याचा, जागा विकत घेऊन पुरलेले दगड उकरून परत उभे केले आणि जिथे दगड उरलाच नव्हता तिथे काँक्रीटचे छोटे खांब लावले. १९३८ मध्ये एका दगडाखाली चौदाव्या शतकातल्या माणसाचा सांगाडा निघाला, सोबत कात्री आणि चांदीची नाणी, त्यावरून तो न्हावी असावा असं म्हणतात, त्याकाळी न्हावीच शस्त्रक्रिया करायचे. तो दगड अजून त्याच्याच नावाने ओळखतात, बाबांना दाखवा.

तिथून गाडीने पाच मिनिटांवर सिल्बरी हिल. माणसांनी रचलेली ३० मीटर उंचीची टेकडी, साडेचार हजार वर्षांपूर्वीची, आणि कशासाठी रचली ते कोणालाही कळलेलं नाही, आत खणून बघितलं तर कोणाचं दफनही नाही. वर चढायला बंदी आहे, ती कृपया पाळा, आधीच्या खोदकामांनी ती आतून इतकी पोकळ झाली होती की २००० साली माथ्यावर खड्डा पडला. समोरच्या बाजूला शेतातून ७००-८०० मीटर चढून गेलं की वेस्ट केनेट लाँग बॅरो. हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. इ.स.पू. ३६५० च्या सुमाराचं सामुदायिक थडगं, स्टोनहेंजच्या मोठ्या दगडांपेक्षा हजारेक वर्षं जुनं, लांबी १०० मीटर, आत पाच खोल्या आणि निदान ३६ माणसांची हाडं तिथे मिळाली. दार नाही, पहारेकरी नाही, सरळ आत चालत जायचं. टॉर्च न्या.

वाटांचं म्हणाल तर बिनधास्त जा. पब्लिक फूटपाथ हा कायद्याने दिलेला हक्क आहे, शेतकऱ्याची जमीन असली तरी वाट तुमची. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीपण. वाट सोडायची नाही, फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, आणि वासरांसोबतच्या गाई दिसल्या तर लांबून वळसा घ्यायचा, हे मनापासून सांगतोय, त्या अंगावर येतात. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर १५७ नंबरचा नकाशा घ्या, कागदी, बाबांना तो उलगडून बसायला आवडेल. एव्हबरी, सिल्बरी, बॅरो सगळं त्यात आहे.

धावती_भेट

स्टोनहेंजचं तिकीट काढूच नका हे माझं मत. लार्कहिलच्या बाजूने सार्वजनिक वाट आहे, चालत गेलं की दगड कुंपणापलीकडून छान दिसतात, फुकट. आणि २१ जूनच्या आसपास तिकडे फिरकू नका, सूर्योदय बघायला हजारो लोक येतात, एव्हबरीलाही गाडी लावायला जागा नसते.

वऱ्हाडी_पाऊल

वरच्या प्रतिसादाशी असहमत. २१ जूनबद्दल बरोबर आहे, पण वयस्कर माणसं पहिल्यांदा येताहेत तर स्टोनहेंज नीट दाखवा. फक्त क्रम बदला, आधी एव्हबरी दाखवा आणि मग स्टोनहेंज, म्हणजे लांबून बघताना पण हाताला दगडाचा स्पर्श आठवत राहतो. शिवाय स्टोनहेंजच्या व्हिजिटर सेंटरमधलं प्रदर्शन घाईत उरकू नका, बाहेर त्या काळातल्या झोपड्या बांधून ठेवल्यात त्यातही जाऊन बसा. सेंटर ते दगड दोन किलोमीटरच्या वर आहे, बस असते, आई बसने जातील, बाबांना एका बाजूने चालवा, वाटेत थडग्यांचे उंचवटे दिसतात. दगडांची गोष्ट आधी घरी सांगून ठेवा. लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली डोंगरातून आणलेत, दोनशे किलोमीटरच्या वर, मोठ्यांपैकी बहुतेक मार्लबरोजवळच्या वेस्ट वुड्समधून आलेत असं २०२० मध्ये सिद्ध झालं, आणि मधला आडवा पडलेला ऑल्टर स्टोन तर उत्तर-पूर्व स्कॉटलंडमधून आलाय असं २०२४ च्या संशोधनात निघालं. चाकाशिवाय. हे माहीत असलं की नुसते दगड राहत नाहीत ते.

मी नागपूरचा, म्हणून एक सांगतो. आमच्याकडे काटोल रोडला जुनापाणी आहे, तिथे अशी ३०० च्या आसपास शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली, छोट्या दगडांची, मध्ये दफनं. मी शाळेत असताना सायकलने जायचो तेव्हा ते काय आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, एव्हबरीला उभा राहिलो आणि जुनापाणी आठवून डोळ्यात पाणी आलं. काळ वेगळा, माणसं वेगळी, एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं अजिबात म्हणायचं नाहीये. पण बाबांना म्हणा परत गेल्यावर एकदा विदर्भात या, मी सुट्टीत असेन तर स्वतः नेईन.

आणि अफिंग्टनचा पांढरा घोडा राहिलाच की! टेकडीच्या उतारावर चर खणून त्यात चुनखडी ठोकून भरलेला ११० मीटर लांब घोडा, जवळजवळ तीन हजार वर्षांचा. दरवर्षी लोक जमून गवत काढतात, नवी चुनखडी हातोडीने ठोकतात, नाहीतर तो काही वर्षांत गवताखाली गडप होईल. म्हणजे इतकी वर्षं मधल्या प्रत्येक पिढीने हे काम केलंय म्हणून तो आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून झाकला होता. टेकडीवरून अख्खा घोडा दिसत नाही, नुसता डोळा आणि मान दिसते, त्यामुळे आईंना फर्नमच्या बाजूच्या खालच्या रस्त्यावरून दाखवा, गाडीत बसून दिसेल. वर बाबांना किल्ला, म्हणजे मातीच्या तटाचा, आणि खाली सपाट माथ्याची ड्रॅगन हिल, सेंट जॉर्जने ड्रॅगन तिथे मारला आणि रक्त सांडलं त्या जागी गवत उगवत नाही असं गावकरी सांगतात. पुढे रिजवे नावाच्या लांब पल्ल्याच्या जुन्या पायवाटेने दोनेक किलोमीटरवर वेलँड्स स्मिदी, बीचच्या झाडांमध्ये लपलेलं थडगं. घोडा बांधून एक नाणं ठेवलं की सकाळी नाल मारलेली मिळायची अशी तिथली गोष्ट आहे.

सातारा_ते_रेडिंग

अरे काय लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, बायकोला वाचून दाखवलं. बाबांचं जमलं, पण आईसाठी अजून काहीतरी हवंय जिथे ती मुख्य पाहुणी असेल, गाडीत बसून वाट बघणारी नाही. आणि जेवणाचं कसं, ती अंडंपण खात नाही.

कालवाकाठ

तिला डिव्हायझेसच्या केन हिल लॉक्सला न्या. केनेट अँड एव्हन कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला, तिथे बोटींना टेकडी चढवायला तीन किलोमीटरभर अंतरात २९ लॉक्स आहेत, त्यातले १६ एका सरळ रांगेत जिन्यासारखे. बाकावर बसायचं आणि बघायचं, बोट आत येते, मागचं दार बंद, पुढून पाणी सोडलं की बोट हळूहळू वर, मग पुढचं दार, परत तेच. माझ्या सासूबाई अडीच तास बसल्या होत्या, तिसऱ्या बोटीपासून त्याच आम्हाला समजावून सांगायला लागल्या. बोटवाले गप्पा मारतात, एखादं लॉकचं दार ढकलायलाही देतात. बाजूची वाट चांगली आहे, वरच्या टोकाला कॅफे आहे, गाडी वरच लावा म्हणजे चढ लागत नाही.

लेकॉक गाव तिथून जवळ, बहुतेक सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे त्यामुळे जुनी घरं तशीच टिकलीत. तिथली ॲबी, म्हणजे मठ, १२३२ साली एला नावाच्या विधवा काउंटेसने स्थापन केली आणि पुढे तिथलीच मठप्रमुख झाली, आईंना ही गोष्ट आवडेल. त्याच घरात फॉक्स टॅलबटने १८३५ मध्ये खिडकीचा फोटो घेतला, ती फोटोची निगेटिव्ह आज टिकून असलेल्यात सगळ्यात जुनी, टपाल तिकिटाएवढी छोटी.

आणि तुम्ही रेडिंगलाच असता तर स्टोक रो विसरू नका, अर्ध्या तासावर. गावात रस्त्याच्या कडेला घुमटाखाली एक विहीर, वर सोनेरी हत्ती! बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी १८६३-६४ मध्ये दिलेली. एडवर्ड रीड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आझमगड भागात विहीर बांधली होती आणि आपल्या गावाकडेही पाण्याचे कसे हाल आहेत, पाणी पिऊन टाकलं म्हणून पोरांना मार बसतो, हे महाराजांना सांगितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं. ३६८ फूट खोल, हाताने खणलेली, रुंदी जेमतेम चार फूट. मी पहिल्यांदा वाकून आत बघितलं तेव्हा खणणाऱ्यांचाच विचार आला. आई मंडळींना विहीर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, त्यांनी पाणी शेंदलेलं असतं.

जेवण डब्यातून न्या. खेड्यातल्या बऱ्याच पबचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं, आम्ही दोनदा उपाशी राहिलोय. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यात सोयीची.

सातारा_ते_रेडिंग

काल एव्हबरी आणि बॅरो झालं म्हणून लिहितोय. आईला रिंगणातल्या एका दगडाच्या सावलीत सतरंजी टाकून दिली, तिथल्या मेंढ्या बघत बसली, इकडच्या मेंढ्या किती गुबगुबीत असं चार वेळा म्हणाली. बाबा खंदकाच्या काठाने पूर्ण गोल फिरले, मग आम्ही दोघं बॅरोकडे. तोंडाशी आल्यावर बाबांनी बूट काढले. मी म्हटलं अहो ओल असेल आत, तर म्हणाले "माणसं झोपलीत ना आत." मग सॉक्सवर आत गेले, टॉर्च बंद करायला लावला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मीही बूट काढले.

परत येताना त्यांनी नकाशावर रिजवेची रेघ बोटाने शेवटपर्यंत नेली आणि विचारलं किती आहे. १३९ किलोमीटर म्हटलं. तर म्हणे टप्प्याटप्प्याने होईल की, आपण पण मुक्काम करत करतच जातो. आता पालखी लोणंदला पोचेल त्या दिवशी त्यांना इथे पहिला टप्पा चालायचाय. कोणी केलाय का?

चुनखडी

केलाय, तीन वेळा. पहिला टप्पा ओव्हरटन हिल ते ऑगबर्न सेंट जॉर्ज, साधारण १५ किलोमीटर, वाटेत फायफील्ड डाउन, तिथे रानात दगड पसरलेत ते लांबून बसलेल्या मेंढ्यांसारखे दिसतात, म्हणून इकडचे लोक त्यांना ग्रे वेदर्स म्हणतात, वेदर म्हणजे मेंढाच. पुढे बार्बरी कॅसल, मातीचे दुहेरी तट, तिथे डबा खायला थांबता येतं. पाऊस झाला असेल तर चुनखडी फार निसरडी होते, बाबांना काठी द्या. पाणी प्रत्येकी दोन लिटर तरी घ्या, वर सावली जवळजवळ नाहीच.

तारीख कळवा. माझी गाडी आदल्या दिवशीच ऑगबर्नला लावून ठेवतो, म्हणजे परत यायची चिंता नको, आणि आईंना चालायचं नसेल तर त्यांना गाडीने बार्बरीच्या पार्किंगला आणता येईल, तिथून तटापर्यंत फार चढ नाही. मीही येतो चालायला.